घासून बोलावलेली धूळ

नव्याने मेण चढवलेल्या मोटारीवर तासाभरातच धूळ बसते, अशी तक्रार जळकोट, उदगीर, अहमदपूर या बाजूच्या सुखवस्तू घरांतून वारंवार ऐकू येते. तक्रार खोटी नाही. सकाळी आरशासारखी चकाकणारी गाडी दुपारी अशी होते की तिच्यावर बोटाने नाव लिहावे. आमचा आक्षेप तक्रारीवर नसून तिच्या पाठोपाठ जो निवाडा दिला जातो आणि जो उपाय केला जातो, त्यांवर आहे. निवाडा असा की, दोष गावाचा; रस्ते वाईट, माती वाईट, वारा वाईट. उपाय असा की, नळी लावावी आणि गाडी पुन्हा धुवावी. आमच्या मते निवाडा निम्मा चुकीचा आहे. उपाय मात्र सर्वस्वी चुकीचा, आणि या प्रदेशात तर लाजिरवाणा आहे.

प्रथम निवाड्याचे पाहू. लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नांदेडच्या सीमेलगत वसलेल्या या तालुक्यात धूळ आहे, हे कोण नाकारील? सोयाबीनची रास झाली की शेते उघडी पडतात, मळणीयंत्राचा भुसा वाऱ्यावर जातो, आणि फाल्गुनानंतर तर पावसाची सर येईपर्यंत माती जमिनीवर कमी व हवेत अधिक असते. परंतु ही धूळ शाळेच्या पायरीवर, दारच्या लिंबावर आणि शेजाऱ्याच्या जुन्या दुचाकीवरही पडते. मग ताज्या घोटलेल्या गाडीलाच ती इतक्या आवडीने का बिलगावी?

याचे उत्तर शाळेतल्या प्रयोगात आहे. कोरड्या केसांतून कंगवा फिरवून कागदाचे कपटे ज्याने उचलले नाहीत असा पदवीधर विरळाच. आपल्या पूर्वजांनी अंबराला तृणमणी म्हटले, ते घासल्यावर तो गवताची काडी ओढतो म्हणून. इंग्लंडात विल्यम गिल्बर्टने १६०० साली चुंबकावरील आपल्या ग्रंथात असे आकर्षण दाखवणारे इतर अनेक पदार्थ नोंदले, आणि या मण्याच्या ग्रीक नावावरूनच विजेचे इंग्रजी नाव पडले. मोटारीच्या रंगावरील पारदर्शक लेप आणि त्यावरचे मेण हे दोन्ही विद्युत्‌रोधक. कोरड्या फडक्याने ते जोराने घोटले की पृष्ठभागावर विद्युत्‌भार साचतो, आणि हवेतल्या धुळीच्या कणांवर स्वतःचा भार नसला तरी तो त्यांना ओढून घेतो. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा अतिसूक्ष्म थर असतो व भार त्यावाटे निसटून जातो. कोरड्या हवेत त्याला वाट नसते, म्हणून तो रेंगाळतो. रत्नागिरीच्या मनुष्याला जो त्रास क्वचित होतो तो जळकोटच्या मनुष्याला चैत्र-वैशाखात रोज होतो, याचे एक कारण हेच.

या कारणाला आणखी दोन जोडावीत. मेण जाड थापले आणि जास्तीचे नीट उतरवले नाही, तर त्याचा चिकटपणा धूळ धरून ठेवतो. शिवाय काळ्या चकचकीत पृष्ठावर जो कण दिसतो तो मळकट पृष्ठावर दिसतच नाही. म्हणजे काही वेळा धूळ तितकीच असते, वाढलेली असते ती आपली नजर. तिन्ही कारणांत गावाचा वाटा किती आणि आमच्या हाताचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

आता पुढचा प्रकार पाहा. धूळ दिसली की गृहस्थ कोरडे फडके घेऊन ती झटकतो. त्या झटकण्याने नवा भार निर्माण होतो आणि नवी धूळ येते. मातीचे कठीण कण फडक्याखाली घासले जाऊन रंगावर बारीक चरे उठतात. चरे झाकण्यासाठी पुन्हा मेण, आणि मेणासाठी पुन्हा घोटणे! या रहाटगाडग्यात पॉलिशवाल्याचे भले होते, गाडीचे नव्हे. अखेर कंटाळून गृहस्थ नळी हाती घेतो, आणि आमचा खरा वाद येथे सुरू होतो.

ही नळी कोठे चालू आहे? ज्या जिल्ह्यात मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी दंगा होऊ नये म्हणून प्रशासनाला जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, त्या जिल्ह्यात. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा आमच्या दिवाणखान्यांतून मोठा जयजयकार झाला. श्रीमंतांची हिरवळ आम्हांस चटकन दिसली. आमच्या फाटकातून रस्त्यावर वाहणारा ओहळ मात्र दिसला नाही. ज्यास शंका असेल त्याने ती नळी वीस लिटरांच्या बादलीत सोडावी, बादली भरण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहावे, आणि गाडी धुण्यास लागणाऱ्या वेळाशी त्याचे त्रैराशिक मांडावे. उत्तर आम्ही सांगण्याची गरज राहणार नाही.

यावर कोणी म्हणेल, “बोअर आमचे, वीज आमची, गाडी आमची, तुमचे काय गेले?” हा युक्तिवाद ऐकण्यास ठसकेबाज आहे, पण पायाखालच्या खडकाला तो मान्य नाही. आपला काळा पाषाण पाणी साठवतो तो झिजलेल्या थरांत आणि भेगांत. त्या भेगा कुंपणाशी थांबत नाहीत. एकाच्या अंगणातील पंप चालला की शेजारच्या आडाची पातळी खाली जाऊ शकते, आणि मग टंचाईच्या वर्षी घागर घेऊन टँकरची वाट पाहण्याची पाळी येते ती बहुधा ज्याच्याकडे ना बोअर ना मोटार, त्याच्या घरातील बाईवर. मोटार खाजगी असेल; पाणी खाजगी नाही.

दुसरा पक्ष धर्माची ढाल पुढे करतो. खंडेनवमी-दसऱ्याला वाहनाची पूजा करावयाची, तेव्हा ते धुवायला नको काय? अवश्य स्वच्छ करावे. पण पूजेला तांब्याभर पाणी, हळदकुंकू आणि झेंडूची माळ पुरते. नळीने दारापुढे चिखल करावा, अशी आज्ञा कोणत्याही शास्त्रात आमच्या वाचनात नाही.

आम्ही मेणाचे वैरी नाही. ऊन आणि पक्ष्यांची विष्ठा यांपासून ते रंगाला काही काळ राखते. परंतु गाडीच्या उत्तम मेणांत जे कार्नोबा मेण वापरतात ते येते कोठून, हे जाणण्याजोगे आहे. ब्राझीलच्या ईशान्येकडील अवर्षणग्रस्त मुलखात एक ताडाच्या जातीचा वृक्ष वाढतो. रखरखीत उन्हात पानांतील ओलावा उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा लेप धरतो. तेथील झाड पाणी वाचवण्यासाठी मेण निर्माण करते. आणि आम्ही, तितक्याच तहानलेल्या मुलखातील सुशिक्षित माणसे, तेच मेण विकत आणून त्याच्यापायी पाणी सांडतो!

योग्य उपाय फार साधा आहे. मेण सावलीत, पातळ लावावे. जास्तीचे पूर्ण उतरवावे. आणि शेवटचा हात कोरड्या फडक्याचा न देता स्वच्छ, मऊ, ओल्या करून घट्ट पिळलेल्या फडक्याचा हलकेच द्यावा. त्या ओलाव्याने भार निघून जातो. पुढे धूळ बसली तर कोरडे झटकू नये. तसेच ओले फडके घड्या बदलत, न दाबता फिरवावे. अर्ध्या बादलीत काम होते, आणि उरलेले पाणी तुळशीला नसले तरी जास्वंदीला घालता येते.

एवढे करूनही वैशाखात गाडीवर थोडी धूळ राहीलच. ती राहू द्यावी. उन्हाळ्यात ज्या गावचे रस्ते, शेते आणि माणसे धुळीने माखलेली असतात, तेथे एकट्या मोटारीने चकाकण्यात कसली प्रतिष्ठा? पाहुणे काय म्हणतील, ही भीती बाळगणाऱ्यांनी एवढेच पाहावे की घरातील मुले आज काय पाहत आहेत: टँकरपुढची घागरींची रांग, की दारातली चालू नळी, की दोन्ही एकाच वेळी.