आमच्या मागे याचे कसे?

अपंग मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न जन्मभर सोबत करतो. दिवसा कामाच्या रगाड्यात तो दबलेला असतो. रात्री दिवा मालवला की समोर उभा राहतो. ‘आमच्या मागे याचे कसे होणार?’ बाप कामगार असेल आणि कामावरच त्याला मृत्यूने गाठले, तर या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी कायद्यावर येते. तो कायदा ती जबाबदारी कितपत पार पाडतो, हे तपासावे म्हणून हा लेखप्रपंच.

तीन वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवड परिसरातील एका परिचिताच्या घरी जाणे झाले. गृहस्थ पन्नाशीचे, एका लहानशा वर्कशॉपमध्ये यंत्रावर काम करणारे. कामगार दहाहून कमी, त्यामुळे राज्य विमा योजनेचे छत्र नाही. यंत्राच्या अपघातात ते गेले. मागे पत्नी आणि सव्वीस वर्षांचा बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलगा. मुलगा एका संस्थेच्या कार्यशाळेत कागदी पिशव्या चिकटवतो आणि त्याबद्दल त्याला महिन्याकाठी काही मानधन मिळते. भरपाईच्या अर्जाच्या वेळी प्रश्न निघाला, “मुलगा कमावतो ना? मग तो अवलंबित कसा?” त्या माउलीने शांतपणे उत्तर दिले, “साहेब, कमावतो. पण त्याला ते पैसे मोजताही येत नाहीत.”

प्रश्न विचारणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न कायद्यातूनच आला होता. १९२३ साली हा कायदा झाला, तेव्हा केंद्रीय विधिमंडळात कामगारांचा आवाज ना. म. जोशींसारख्या नियुक्त प्रतिनिधीवर अवलंबून होता. त्या काळाच्या मानाने कायदा निश्चितच पुरोगामी होता. २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला, रकमा वाढल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि जुना कायदा तीत विलीन झाला. परंतु अवलंबितांच्या व्याख्येतील एक वाक्य नव्या संहितेतही जवळपास जसेच्या तसे राहिले आहे. विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा माता यांचा हक्क विनाअट आहे. अठरा वर्षे ओलांडलेल्या अपंग मुलाला मात्र दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, तो ‘इन्फर्म’ आहे. दुसरी, तो मृताच्या कमाईवर ‘सर्वस्वी’ अवलंबून होता.

‘इन्फर्म’ म्हणजे नेमके कोण, हे कायदा सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजून दिली, त्यांच्या प्रमाणपत्राची व्यवस्था केली. एकाच संसदेचे हे दोन कायदे परस्परांची ओळखही दाखवत नाहीत. आणि ‘सर्वस्वी’ या शब्दाचा शब्दशः अर्थ लावला, तर कागदी पिशव्या चिकटवणारा हा मुलगा त्यातून बाहेर पडतो. म्हणजे अपंगाने स्वावलंबी व्हावे असा उपदेश आपण करावयाचा, आणि त्याने चार पैसे मिळवले की त्याच कारणाने त्याचा हक्क संशयास्पद ठरवायचा! हा कुठला न्याय?

वस्तुतः शासनाला हे कळत नाही असे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या अपंग अपत्यास आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. २०२१ साली त्यासाठीची उत्पन्नाची अट सैल करण्यात आली. मृत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई सवलत, यापेक्षा अपत्याचे इतर उत्पन्न कमी असेल तर ते पात्र ठरते. थोडी कमाई म्हणजे स्वावलंबन नव्हे, हे तत्त्व सरकारने स्वतःच्या नोकरांपुरते मान्य केले. मग यंत्रावर काम करणाऱ्याच्या मुलाला निराळा माप-दंड का?

कोणी म्हणेल, विधवेला भरपाई मिळतेच, मग मुलाच्या वेगळ्या वाट्याचा आग्रह कशाला? आग्रह याचसाठी, की आई कायमची नसते. रक्कम एकरकमी येते. कर्ज असते, बहिणीचे लग्न असते, गळके घर असते. मुलाचा वाटा वेगळा ठरला तर तो त्याच्या हितासाठी गुंतवून ठेवण्याचे अधिकार प्राधिकाऱ्याला आहेत. वाटाच नसेल तर राखायचे काय?

रकमेचाही हिशेब पाहावा. सूत्र असे: मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. २०२० साली हिशेबात धरावयाच्या वेतनाची मर्यादा १५ हजार रुपये झाली. प्रत्यक्ष पगार अधिक असला तरी गणना त्यावरच. पन्नाशीच्या कामगारासाठी गुणक १५३.०९, म्हणजे भरपाई ११ लाख ४८ हजार १७५ रुपये. साडेसहा टक्के व्याज धरले तर महिना सुमारे ६,२०० रुपये. आज त्यात दोघांचे भागेल न भागेल. परंतु त्या मुलापुढे अजून तीस-चाळीस वर्षे आहेत, आणि महागाई कोणासाठी थांबत नाही.

याउलट राज्य विमा योजनेत अवलंबितांना वेतनाच्या ९० टक्के दराने मासिक लाभ मिळतो, त्यात वेळोवेळी वाढही होते. अपंग अपत्याचा वाटा त्याचे अपंगत्व असेतोवर चालू राहतो. ‘सर्वस्वी’ची अट तिथेही आहेच, पण मासिक लाभाची ही कल्पना निःसंशय अधिक शहाणपणाची आहे. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही पूर्णतः व कायम अपंग अपत्यास वयाची अट न लावता निवृत्तिवेतन आहे. मात्र त्याची किमान रक्कम दरमहा २५० रुपये! तत्त्व उदार, हात आखडता.

म्हणून मागण्या साध्या आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र हाच पुरावा मानावा. ‘सर्वस्वी’ या शब्दाच्या जागी केंद्रीय कर्मचाऱ्यांप्रमाणे उत्पन्नाची मर्यादा यावी. आणि अपंग अपत्याच्या वाट्यापुरता एकरकमीऐवजी आजीवन मासिक रकमेचा पर्याय मिळावा. नव्या संहितेची घडी बसत असतानाच हे होणे सोपे आहे.

परंतु सारे शासनावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. कित्येक घरांत लाजेपोटी अपंग मुलाचे नाव कुटुंबाच्या नोंदीतच घातले जात नाही. प्रमाणपत्र काढलेले नसते. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमू शकते, हे ठाऊक नसते. सेवावस्तीत जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी, कामगार क्षेत्रातील बंधूंनी आणि शेजारधर्म जाणणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे केले तरी पुष्कळ आहे: अशा घरी जावे, नाव नोंदवले आहे का ते विचारावे, नसेल तर सोबत जाऊन नोंदवून घ्यावे.

त्या मुलाने परवा मला स्वतः चिकटवलेली एक पिशवी दिली. घडी थोडी वाकडी होती. पण खळ नीट लागली होती. त्याचे काम तो करतो आहे. आपले काम अजून बाकी आहे.