टीव्हीतल्या राजाला सवाल

दोस्तांनो, एका राजाबद्दल लिहितोय. त्याचं राज्य काचेच्या पेटीत. बाण सोडला की आग निघते, वैऱ्याचा बाण हवेतच विझतो. या राजाला घाम येत नाही, भूक लागत नाही. नुसता मंद हसतो. रामानंद सागरांच्या 'रामायण'मधला राम, नट अरुण गोविल. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर आला, ३१ जुलै १९८८ ला मालिका संपली. लोकांनी टीव्हीला हार घातले, उदबत्त्या ओवाळल्या.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मला हा राजा भेटला २०२० च्या टाळेबंदीत. गोदीतल्या ठेकेदारानं हात वर केले. कधी टेम्पोत, कधी पायी, माळशेज चढून नगरवरून कड्याला आलो. आईबाप ऊसतोडीला, कारखान्यावरच्या कोपीत अडकलेले. घरात आजी आणि डब्याच्या तळाला ज्वारी. २८ मार्चला रामायण पुन्हा सुरू झालं. लोकांची मागणी होती, असं मंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले. कुठल्या लोकांची? आमच्या वस्तीची मागणी ज्वारीची होती, एसटीची होती.

आजी शेजारच्या टीव्हीसमोर जाऊन बसायची. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ. राम-कृष्णाला देव मानणार नाही, ही त्यातली दुसरी. तरी राम वनवासाला निघाला तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला. मी खेकसलो, "आजे, त्यो नट हाय. पैसे घेऊन रडवतोय." ती म्हणाली, "लेकरा, अनवाणी चाललाय रं. माही पोरं बी तिकडंच अडकलीत."

मी गप्प. रडत होती ती आपल्या पोरांसाठी, आणि आसवं जमा होत होती राजाच्या खात्यावर. सगळी चलाखी इथंच आहे.

१६ एप्रिलला ७ कोटी ७० लाख लोकांनी रामायण पाहिलं म्हणून दूरदर्शननं छाती फुगवली. ८ मे च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडपाशी रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यातले, मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले. रुळांवर त्यांच्या चपात्या विखुरल्या. त्यांच्या वनवासाची मालिका निघाली नाही. त्यांना ओवाळायला कुणी उदबत्ती लावली नाही.

आता एक जुना हिशेब. दर रविवारी सकाळी हा राजा टीव्हीवर यायचा, त्याच काळात, १९८७ साली, महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यात राम आणि कृष्ण यांचं कोडं होतं. शिवसेना खवळली, ते प्रकरण काढून टाका म्हणाली. ५ फेब्रुवारी १९८८ ला आपले लोक लाखांनी मुंबईच्या रस्त्यावर उतरले. प्रकरण राहिलं. पण शासनानं तळाला टीप लावली, या मतांशी शासन सहमत नाही.

म्हणजे बघा. राजाचं नाटक सरकारी पडद्यावर, आणि राजाला विचारलेला सवाल सरकारला नामंजूर. नटाला हार, प्रश्नाला तळटीप!

आणि सवाल काय होता? उत्तरकांडात ब्राह्मणाचं पोर मेलं, त्याचा ठपका शूद्राच्या तपावर आला. राजानं चौकशी केली ती फक्त जातीची. शंबूकानं खरं सांगितलं आणि राजानं तलवारीनं त्याचं मुंडकं उडवलं. हे रामराज्य! १९३६ सालीच बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये यावर बोट ठेवलं होतं.

गोविलशी माझं वैर नाही. नटही मजूरच. मी पोतं उचलतो, तो मुकुट. पण मी संध्याकाळी पोतं खाली ठेवतो. त्यानं मुकुट खाली ठेवलाच नाही. २०२४ ला भाजपनं त्याला मेरठला उभं केलं. समोर सुनीता वर्मा, दलित बाई, मेरठची माजी महापौर. १०,५८५ मतांनी ती पडली. मतं कुणाला पडली, नटाला की रामाला? हा धंदा नवा नाही. १९९१ ला टीव्हीतली सीता आणि रावण दोघंही गुजरातमधून भाजपचे खासदार झाले. पडद्यावर एकमेकांचे दुश्मन, दिल्लीत एकाच बाकावर! १९९६ ला आपला मराठी कृष्ण, नितीश भारद्वाज, जमशेदपूरहून निवडून गेला.

आता आपल्याच घरात बघू. २०१९ ला स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका आली. सागर देशमुखनं काम चांगलं केलं. आजीनं त्यालाही हात जोडले. तिला मी काय बोलू? पण पोरांनो, तुम्हाला बोलतो. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ ला त्या माणसानं बजावलं होतं, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आणि आपण त्याचाच देव्हारा करणार? पेटीत बसवलेला बाबासाहेब त्यांना चालतो. रस्त्यावर उतरून प्रश्न विचारणारा चालत नाही.

राजापुढं हात जोडतात. खासदाराला जाब विचारतात. हा फरक ज्या दिवशी विसरू, त्या दिवशी शंबूक पुन्हा मरेल, आणि आपण टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवू.

हात सोडा. बोट दाखवा.

जय भीम.