यंत्र घरात, किल्ली परक्या हाती
अमेरिकेतील घरगुती काडतूस-उद्योगाचे बिघडलेले गणित

करोनाच्या पहिल्या वर्षात, म्हणजे २०२० मध्ये, अमेरिकेतील दुकानांतून टॉयलेट पेपर नाहीसा झाल्याच्या बातम्या जगभर गाजल्या. त्याच काळात तेथील बंदुकांच्या दुकानांतील काडतुसांची फडताळेही रिकामी पडली होती, याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही. त्या वर्षी शस्त्रखरेदी व परवान्यांच्या निमित्ताने एफबीआयकडे झालेल्या पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेली. प्रत्येक तपासणी म्हणजे एक बंदूक विकली गेली असे नव्हे. पण मागणीचा वेग त्यावरून कळतो. बंदूक आली की गोळ्या आल्याच. नऊ मिलिमीटर पिस्तुलाचे जे काडतूस वर्षभरापूर्वी सतरा-अठरा सेंटला मिळत होते, ते अर्ध्या डॉलरच्याही वर गेले आणि तेवढे पैसे मोजूनही मिळेनासे झाले.

या टंचाईतून अनेक नेमबाज एका जुन्या अमेरिकन उपायाकडे वळले. काडतुसे विकत न घेता घरीच भरायची. त्यासाठी लागणारे ‘प्रोग्रेसिव्ह प्रेस’ नावाचे यंत्र मिळवण्यासाठी तेव्हा महिनोन्‌महिने थांबावे लागत होते. आपल्या गोळ्या आपल्या गॅरेजमध्ये तयार झाल्या, तर दुकानदार, कारखाना आणि सरकार यांपैकी कोणाच्याच तोंडाकडे पाहावे लागणार नाही, हा त्यामागचा हिशेब. गेल्या काही वर्षांतील घटनाक्रमाने नेमका हाच हिशेब खोटा ठरवला आहे.

भारतीय वाचकाला ‘घरी काडतुसे’ हे शब्द ऐकताच गावठी कट्ट्यांवरील छापे आठवतील. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे. अमेरिकेत परिस्थिती उलट आहे. १९६८ च्या संघीय शस्त्र नियंत्रण कायद्यान्वये विक्रीसाठी काडतुसे बनवणाऱ्याला परवाना लागतो. मात्र स्वतःच्या वापरासाठी बनवणाऱ्याला तो लागत नाही. त्यामुळे तेथे हा उद्योग चोरून नव्हे, तर उजळ माथ्याने चालतो. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल, नेब्रास्कामधील ग्रँड आयलंड, विस्कॉन्सिनमधील हार्टफर्ड, ॲरिझोनातील स्कॉट्सडेल अशा गावांत ही यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या वाढल्या त्या याच ग्राहकाच्या जिवावर.

काडतुसाचे घटक चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा चिमुकला प्रायमर, आतली धूरविरहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की प्रायमर पेटतो, दारू जळते, गोळी निघून जाते. पुंगळी तेवढी मागे उरते आणि या चौघांत सर्वांत महाग तीच असते. ती फेकून न देता पुन्हा पुन्हा भरायची, हे या छंदाचे मूळ अर्थकारण.

साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये एक गोल तबकडी असते आणि तिच्यावर चार-पाच पुंगळ्या उभ्या राहतात. हातातील दांडा एकदा खाली ओढला की एका पुंगळीतून जुना प्रायमर निघून ती मूळ मापावर येते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, चौथीचे तोंड आवळले जाते. दांडा वर जाताना रिकाम्या झालेल्या खाचेत नवा प्रायमर दाबला जातो. तबकडी एक घर पुढे सरकते. सगळी घरे भरली की दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एक तयार काडतूस खाली टोपलीत पडते. तबकडी हाताने फिरवावी लागणाऱ्या यंत्रावर तासाला चारशे ते सहाशे काडतुसे निघतात, आपोआप फिरणाऱ्यावर त्याहून अधिक.

हे वाचायला सोपे वाटते, पण यंत्र लावणे हेच खरे काम आहे. ज्या ओट्यावर प्रेस बसवायचा, तो हलता कामा नये. ओटा डुगडुगला तर प्रत्येक ओढीला दारूचे माप बदलते. प्रत्येक डाय स्वतंत्रपणे जुळवावी लागते. त्यासाठी जाणकार मंडळी आधी एकच पुंगळी तबकडीवर ठेवून तिला सर्व घरांतून फिरवतात, प्रत्येक टप्प्यावर बाहेर काढून कॅलिपरने मोजतात आणि मगच पुढच्या डायला हात लावतात. दारूचे माप तराजूवर पुन्हा पुन्हा तपासले जाते. ते किती असावे हे अंदाजाने ठरवायचे नसते. दारू उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांबाहेर जायचे नाही, हा या छंदातील पहिला दंडक. नवख्याच्या एक-दोन संध्याकाळी यातच जातात.

वेगाची किंमत इथेच मोजावी लागते. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी कामे चालू असताना डोळा एकाच ठिकाणी असतो. एखाद्या पुंगळीत दारू पडलीच नाही, तर केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत निम्म्यावर जाऊन अडकते. ते लक्षात न येता पुढचा बार काढला तर नळी फुटते. पिस्तुलाच्या दारूचे माप इतके थोडे असते की काही पुंगळ्यांत ते दुप्पट पडले तरी मावते, आणि तो धोका याहून मोठा. प्रायमरच्या नळीत शंभर प्रायमर एकावर एक रचलेले असतात. त्यातील एक चुकीचा दाबला गेला तर सगळी नळी एकदम उडू शकते, म्हणून तिच्याभोवती पोलादी आवरण असते. शिशाच्या धुळीचा प्रश्न वेगळाच. यंत्रापाशी खाऊ नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये, अशा सूचना प्रत्येक पुस्तिकेत असतात. त्या किती जण पाळतात, हा भाग निराळा.

यंत्र नीट लागले, हातही बसला, तरी पुंगळी सोडून बाकीच्या तीन वस्तू बाहेरूनच आणाव्या लागतात. गोळ्या शिसे वितळवून घरी ओतता येतात. प्रायमर आणि दारू मात्र गॅरेजात तयार होण्यासारख्या वस्तू नाहीत. या छंदाचा गळा तिथेच आवळला गेला.

अमेरिकेत प्रायमर बनवणारी प्रमुख नावे चारच होती : सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. पहिली दोन व्हिस्टा आउटडोअर या कंपनीची. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिचा आर्कान्सामधील लोनोक येथील काडतूस कारखानाही व्हिस्टानेच सुमारे ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला. टंचाईत हे कारखाने आपले प्रायमर साहजिकच आधी स्वतःच्या तयार काडतुसांत वापरणार. उरले तर सुट्या विक्रीला. महासाथीपूर्वी हजार प्रायमरची पेटी तीस-पस्तीस डॉलरला मिळे. २०२१ मध्ये खासगी सौद्यांत तिचे शंभराहून कितीतरी अधिक डॉलर मोजले गेले. म्हणजे ज्याने टंचाईवर उपाय म्हणून यंत्र घेतले, तो त्याच टंचाईच्या रांगेत, पण अधिक मागे जाऊन उभा राहिला.

रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केले आणि दारूचीही तीच गत झाली. धूरविरहित दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज. ते सरकीवरच्या बारीक कापूस-तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनते. पिस्तुलाची दारू असो की १५५ मिलिमीटर तोफगोळा फेकणारी, कच्चा माल हाच. युद्धापूर्वी अमेरिकेत असे तोफगोळे दरमहा सुमारे १४ हजार बनत. ते १ लाखावर नेण्याचे उद्दिष्ट संरक्षण खात्याने ठेवले. युरोपातील कारखाने तर कापूस-तंतूंसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर विसंबून आहेत. लष्कराची मागणी आली की छंदिष्टाचा डबा मागे सरकतो. २०२४ च्या प्रारंभी ‘अलायंट पावडर’ या नामांकित ब्रँडने नायट्रोसेल्युलोजच्या जागतिक टंचाईचे कारण देऊन पुरवठा थांबवला, तेव्हा हे उघडपणे दिसले.

त्याच सुमारास व्हिस्टाच्या दारूगोळा व्यवसायाचा सौदा चालू होता. ग्राहक होता चेकोस्लोव्हाक ग्रुप हा चेक प्रजासत्ताकातील शस्त्रउद्योग समूह. ओहायोचे तत्कालीन सिनेटर जे. डी. व्हान्स यांच्यासह काही रिपब्लिकन नेत्यांनी राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा उपस्थित केला. परकीय गुंतवणुकीची छाननी करणाऱ्या समितीने मात्र मंजुरी दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये २२२ कोटी ५० लाख डॉलरला व्यवहार पूर्ण झाला. चार प्रमुख प्रायमर ब्रँडांपैकी तीन, शिवाय अलायंट, असे एका युरोपीय मालकाच्या छत्राखाली आले. शस्त्राच्या मालकीकडे व्यक्तिस्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून पाहणाऱ्या वर्गाला हे पचवणे जड गेले असल्यास नवल नाही. त्यात भर म्हणून २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने लादलेल्या आयातशुल्काने युरोपातून येणाऱ्या दारू व प्रायमरवरही बोजा टाकला.

पैशांचा ढोबळ हिशेब बोलका आहे. २०१९ च्या आसपास नऊ मिलिमीटरच्या एका काडतुसासाठी प्रायमर ३ सेंट, गोळी ८ आणि दारू २, असा १३ सेंट खर्च येई. तयार काडतूस साडेसतरा सेंटला पडे. अलीकडच्या भावांनी पाहिले तर प्रायमर ७, गोळी १० आणि दारू ३, म्हणजे वीस सेंट. तर तयार काडतूस तेवीसच्या आसपास. जोडसामानासह यंत्राला हजार डॉलर लागले असे धरले, तर पूर्वी ते २२ हजार काडतुसांत फिटत होते, आता ३३ हजार लागतात. स्वतःच्या वेळेची किंमत यात धरलेलीच नाही. स्पर्धक वर्षाला दहा-वीस हजार बार काढतो, त्याला हे अजूनही परवडेल. त्याला आपल्या पिस्तुलाला नेमके मानवणारे काडतूस हवे असते, ते पैशांपलीकडचे. पॉइंट ४५ किंवा पॉइंट ३८ स्पेशलसारख्या महागड्या काडतुसांतही बचत चांगली होते. महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्याने मात्र केवळ स्वस्ताईसाठी हे यंत्र घेण्यात हशील उरलेले नाही.

महाराष्ट्रातील नेमबाजांना तर हा मार्गच बंद आहे, आणि तोही केवळ कायद्याने नव्हे. राही सरनोबतचा २५ मीटर पिस्तूल प्रकार किंवा पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेचा ५० मीटर रायफल प्रकार, दोन्हींत पॉइंट २२ चे काडतूस वापरतात. त्यात वेगळा प्रायमर नसतो. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि बार काढताना ती कड चेपते. ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूरचा नेमबाज असो वा कोलोरॅडोचा, या काडतुसासाठी कारखान्याच्या दारातच उभे राहावे लागते.

अमेरिकेतील जुनेजाणते छंदिष्ट आता भाव उतरल्याची बातमी आली की वर्ष-दोन वर्षांचे प्रायमर एकदम घेऊन ठेवतात. त्यावरही मर्यादा आहेतच. घरात किती दारू आणि प्रायमर साठवावेत याचे अग्निसुरक्षा नियम आहेत, आणि स्फोटक माल म्हणून प्रत्येक पार्सलवर वेगळा आकार पडतो. तो आकार एकेकट्यावर पडू नये म्हणून क्लबातील चार-पाच जण मिळून एकच मागणी नोंदवतात.