आरसेही मोजा



गाडीच्या मापाचे नियम म्हणजे चालकाच्या कौशल्यावर अविश्वास, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचा ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता १९३३ मध्ये खुला झाला, तोही कड्यात कोरून. त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडीला बंदी आहे. बंपर आणि आरसे धरून! (भाड्याने गाडी घेताना हे विचारतो कोण?) वाटेतल्या लोगन पास खिंडीतून पश्चिमेला उतरताना खडक रस्त्यावर झुकलेले आहेत, १० फुटांहून उंच गाडीची तिथे पंचाईत होते. कौशल्याने छत खाली येत नाही. मोटरहोम तळावर ठेवून पार्कच्या जुन्या लाल बसने जावे. नुसते पलीकडे पोहोचायचे तर दक्षिणेचा हायवे २ आहेच, आणि तोही देखणा आहे.

– एक वाचक, ठाणे