मागचे दिवे रुसले तर...

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेली फियाट, पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर काही घरांत आजही जिवापाड जपली जाते. इंजिन एकदाचे सुरू झाले की घरातले सगळे खूश! गाडीच्या मागे जाऊन दिवे पाहण्याचे मात्र कुणाला सुचत नाही. रात्री घाटात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची गाडी दिसते ती त्या दोन लाल दिव्यांमुळेच. म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

दिवा लागला नाही की आपण बल्ब बदलतो, नाहीतर सरळ वायर कापायला घेतो. वायरला हात लावण्यापूर्वी दोष कुठे आहे ते ओळखावे. त्याच्या खुणा दिवेच सांगतात.

पुढचे पार्किंगचे आणि मागचे, सगळेच दिवे बंद असतील तर फ्यूज किंवा डॅशबोर्डवरचा स्विच तपासा. फ्यूज शाबूत दिसला तरी त्याच्या टोकांवर हिरवट थर साचलेला असू शकतो. तो काढून टोके स्वच्छ पुसा. मागचा एकच दिवा बंद असेल तर दोष त्या दिव्यापाशीच असण्याची शक्यता जास्त. ब्रेक दाबल्यावर दोन्हीकडचे लाल दिवे लागत नसतील, पण बाकी दिवे ठीक असतील, तर ब्रेकचा स्विच पाहा. तो काही गाड्यांत पेडलजवळ, तर काहींत ब्रेकच्या तेलाच्या नळीवर असतो. इग्निशन चालू ठेवून त्याच्या दोन्ही वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. दिवे लागले तर स्विच बदलायला हवा.

आता सर्वांत फसवी खूण. ब्रेक दाबला की दिवा मिणमिणतो किंवा इंडिकेटर लावला की शेजारचा लाल दिवाही लुकलुकतो. अशा वेळी बल्ब बहुधा निर्दोष असतो. बिघाड असतो अर्थिंगचा! बॅटरीतून निघालेल्या विजेला परतीची वाट लागते आणि या गाड्यांत ती वाट म्हणजे गाडीची पत्र्याची बॉडी. दिव्याचा होल्डर जिथे पत्र्याला टेकतो तिथे गंज चढला किंवा नव्या रंगाचा थर बसला की वाट अडते. मग वीज शेजारच्या फिलॅमेंटमधून आडवाटेने परत जाते.

याची खात्री करणे सोपे आहे. हातभर वायर घ्या. तिचे एक टोक होल्डरच्या धातूच्या भागाला व दुसरे घासून चकचकीत केलेल्या पत्र्याला लावा. दिवा लख्ख पेटला तर दोष सापडला. मग बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर आधी सोडवा. होल्डर काढून तो आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासा, स्क्रू घट्ट बसवा आणि जोडावर थोडे ग्रीस लावा.

बल्ब बदलताना एक लक्षात ठेवा. मागच्या दिव्यात बहुधा दोन फिलॅमेंटचा बल्ब असतो, ५ वॅटचे रात्रीसाठी आणि २१ वॅटचे ब्रेकसाठी. त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात. म्हणून तो एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा बसवू नका.

हवामानही दिव्यांचा शत्रू आहे. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत पत्रा गंजतो आणि अर्थिंग जाते. उलट जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीसारख्या कोरड्या, उन्हाने तापणाऱ्या जागी गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली, तर वायरींवरचे वेष्टन कडक होऊन तडकते. गालिच्याखालून डिकीकडे जाणारी वायर हलक्या हाताने वाकवून पाहा. नंबर प्लेटचा दिवा डिकीच्या झाकणावर असेल तर बिजागरीजवळ वायर हमखास झिजते. तडकलेल्या वायरीवर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. तेवढा तुकडा त्याच जाडीच्या नव्या वायरीने बदला.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो काहीतरी सांगतो आहे. त्याच्या जागी जाड तार बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत पेट्रोलची टाकीही मागेच असते. अशा वेळी गाडी जागीच ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दिवे दुरुस्त झाले की महिन्यातून एकदा त्यांची परीक्षा घ्या. मदतीला कुणी नसेल तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबा. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखाच लाल उजेड पडला, तर कुटुंबाला घेऊन खुशाल फिरायला निघा.