माफी कुणी कुणाची मागायची?

आमच्या वरसे-रोह्याकडच्या घरांत ‘अलिफ लैला’ उर्दू किश्शांतून येते, तशी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १९व्या शतकात मराठीत आणलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’तूनही. जिन, जादूचा चिराग सर्वांच्या लक्षात राहतात. आम्हाला अडवतो तो शहरयार-शहरजादचा संसार.

पहिल्या बेगमेने बेवफाई केली, हे खरे. त्याचा सूड मात्र बादशाहने रोज एका बेकसूर मुलीशी निकाह लावून आणि सकाळी तिची मान उडवून घेतला. हुकूम बजावणारा वजीर. त्याच वजिराच्या मुलीने, शहरजादने, आपण होऊन हा निकाह मागितला. बहीण दुनियाजादला सोबत नेले आणि गोष्ट ऐन रंगात तोडत १००१ रात्री काढल्या.

वर्गातल्या एका मुलीने विचारले, “तिने खुला का नाही घेतला?” प्रश्न चोख आहे. पण अशा दरबारात काजीचे ऐकतो कोण? आणि ती सुटली असती, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाची लेक. म्हणून नव्या सुनेला ‘शहरजादसारखा सबर ठेव’ सांगणाऱ्या चाची-खाला आम्हाला पटत नाहीत. ती नवरा सांभाळायला नव्हे, गावच्या मुली वाचवायला गेली होती.

काही प्रतींत ती शेवटी तीन मुलगे पुढे करून जीवदान मागते आणि बादशाह तिला माफ करतो. तिला माफी? कशाची? मारलेल्या मुलींच्या आईबापांच्या दारी तो गेल्याचे आमच्या वाचनात नाही. वजिराला तर मानाचा पोशाख मिळतो.