'हा साप विषारी आहे का?' उत्तरापेक्षा प्रश्न शिकवणारी 'किल्ली' मुलांना का हवी?

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. अंगणात किंवा पार्किंगमध्ये साप, आणि खाली प्रश्न, "विषारी आहे का?" पाच मिनिटांत सात उत्तरं येतात. एक जण ठामपणे सांगतो, डोकं त्रिकोणी नाही, म्हणजे बिनविषारी.

हा नियम धोकादायक आहे. नाग आणि मण्यार, दोघांचंही डोकं त्रिकोणी नसतं.

विषय गंभीर आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख लोक दगावल्याचा अंदाज 2020 मध्ये एका अभ्यासात मांडला गेला. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला. त्याचं उद्दिष्ट आहे 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं. जनजागृती हा त्याचा एक भाग आहे. पण मुलांना नक्की काय शिकवायचं? सापांची चित्रं पाठ करून घ्यायची?

किल्ली म्हणजे काय?

जीवशास्त्रात यासाठी जुनी युक्ती आहे, ओळखीची किल्ली. दर पायरीला एकच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, आणि त्यानुसार पुढची वाट. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने 1778 च्या आपल्या ग्रंथात फ्रान्समधल्या वनस्पती ओळखायला हीच पद्धत वापरली होती.

घरी करून बघायची असेल तर हरभरा, चवळी, मूग आणि मटकी एका ताटात मिसळा. दाण्याला चोच आहे? हो, तर हरभरा. नाही, तर काळा डोळा दिसतो? हो, तर चवळी. नाही, तर रंग हिरवा आहे? हो, तर मूग. नाही, तर मटकी. चार कडधान्यं, तीन प्रश्न.

आता गंमत. ताटात गुपचूप लाल चवळीचा दाणा टाका. चोच नाही, काळा डोळा ठळक नाही, हिरवा नाही. किल्ली बिनधास्त सांगते, मटकी!

माझ्या मते धड्याचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. यादीत नसलेली गोष्ट समोर आली की किल्ली गप्प बसत नाही, चुकीचं उत्तर देते. मग मुलांना प्रश्न दुरुस्त करावा लागतो, नाहीतर 'यापैकी नाही' अशी एक वाट ठेवावी लागते. फोनमधलं फोटो ओळखणारं ॲपही असंच फसू शकतं. फरक इतकाच की तिथे कोणत्या पायरीवर चुकलं ते आपल्याला दिसत नाही.

एनसीईआरटीच्या सहावीच्या 'क्युरिऑसिटी' या विज्ञानाच्या पुस्तकात मुलं सजीवांचे आणि पदार्थांचे गट पाडतात. सुरुवात चांगली आहे, पण गट पाडणं आणि अनोळखी गोष्टीपर्यंत प्रश्नांनी पोचणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

मण्यार की कवड्या?

मण्यार अतिविषारी, कवड्या बिनविषारी, आणि दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. 'पट्टे आहेत का?' हा प्रश्न इथे निरुपयोगी. 'पट्टे कुठे ठळक आहेत?' हा कामाचा. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे साधारणपणे मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

हे सगळं फोटोवर शिकायचं, बरं का. खवले मोजायला कुणी सापाजवळ जाऊ नये. आणि चावलाच, तर साप ओळखत किंवा पकडत बसायची गरजही नाही. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालतं आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार ठरवतात. मण्यारीचा दंश अनेकदा झोपेत होतो, फारसा दुखतही नाही, त्यामुळे 'काही होत नाहीये' म्हणून घरी थांबणं महागात पडतं.

त्यामुळे मुलांसाठी सापांची किल्ली बनवलीत, तर पहिला प्रश्न असा ठेवा: साप फोटोत आहे की समोर? समोर असेल, तर मागे सरका आणि मोठ्यांना हाक मारा. चावला असेल, तर 108.